चौकटीवरचे सोने

चित्र विकत घेणारा चित्राचे मोल देतो आणि चौकट त्याच्याबरोबर आली असे समजतो. आजच्या व्यवहारात हे योग्यच आहे. परंतु पाच-सहा शतकांपूर्वीच्या इटलीत हिशेब पुष्कळदा उलटा असे. प्रार्थनामंदिरातील वेदीसाठी चित्र करवून घेणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने लाकूड, त्यावरील कोरीव काम आणि त्या कोरीव कामावर चढवावयाचे सोने या बाबी आधी येत, चित्रकाराची मजुरी नंतर. चित्राने चौकटीवर मात केली ती हळूहळू, आणि तीही भांडणतंट्यांतून. लाकडी चौकटीवर सोन्याचा वर्ख बसविण्याच्या या कलेचा इतिहास म्हणूनच केवळ सौंदर्याचा इतिहास नाही; तो कारागिरांच्या दामाचा, मापात होणाऱ्या लबाडीचा आणि जुने राखावे की नवे करावे या वादाचाही इतिहास आहे.

सुटी चौकट ही कल्पनाच मुळात उशिराची. तेराव्या-चौदाव्या शतकांत चित्रफलक आणि त्याची कड एकत्रच घडविली जाई. सुतार फळ्या जोडून, कमानी व शिखरे उभारून एक लहानसे देवालयच तयार करी. मग त्या संपूर्ण लाकूडकामावर लेप व सोने चढे, आणि सर्वांत शेवटी चित्रकार आपल्या जागेत रंग भरी. फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार पाल्ला स्त्रोत्सी याच्यासाठी जेंतिले दा फाब्रियानो याने १४२३ साली पूर्ण केलेले वेदीचित्र आज त्याच शहरातील उफीत्सी संग्रहालयात आहे. त्याची मूळ सोनेरी चौकट सुदैवाने शाबूत आहे. चित्रातील राजांच्या मुकुटांवरचे सोने आणि चौकटीच्या खांबांवरचे सोने यांत कोठे एक संपते आणि दुसरे सुरू होते हे प्रथमदर्शनी सांगता येत नाही, आणि ते तसेच अभिप्रेत होते. मेणबत्त्यांच्या मंद उजेडात हे सोनेच प्रकाश देई.

हे काम कसे करीत याची सर्वांत विश्वसनीय माहिती देणारा ग्रंथ चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने सन १४०० च्या सुमारास लिहिला. चेन्नीनीने आन्योलो गाद्दी या गुरूच्या हाताखाली बारा वर्षे काढली होती. त्यामुळे त्याचे लिखाण पंडिताचे नाही, कारागिराचे आहे. कोणती वस्तू किती भिजवावी, किती वेळा गाळावी, कोणत्या हवेत काम हाती घ्यावे असे सारे तो सांगतो. विस्मयाची गोष्ट अशी की त्याची कृती आजही जवळजवळ जशीच्या तशी चालते.

प्रथम लाकडाला पातळ सरस पाजतात. मग बारीक चुना-खडीसारखी पांढरी भुकटी सरसात कालवून तिचे हात देतात. इटलीत यासाठी जिप्समची भुकटी वापरीत, उत्तर युरोपात खडू. चेन्नीनीच्या सांगण्याप्रमाणे ही भुकटी महिनाभर पाण्यात भिजत ठेवून रोज ढवळावी, म्हणजे तिच्यातील सारी उष्णता निघून ती रेशमासारखी मऊ होते. आणि तिचे निदान आठ हात द्यावेत. लेप वाळला की घासून तो हस्तिदंतासारखा गुळगुळीत करावयाचा. त्यावर तांबड्या, अतिशय मऊ चिकणमातीचे पातळ हात द्यावयाचे. आपल्याकडील गेरूशी नाते सांगणारी ही माती आर्मेनियाच्या नावाने ओळखली जाई. ती अंड्याच्या पांढऱ्या बलकात किंवा सरसात मिसळीत. सोन्याच्या खाली ही तांबडी गादी का, असा प्रश्न कोणालाही पडेल. वर्ख इतका पातळ असतो की त्याच्या खालचा रंग त्यातून डोकावतो; तांबड्यावर बसलेले सोने उबदार दिसते, तर पांढऱ्यावर बसलेले हिरवट व निस्तेज. शिवाय माती मऊ असल्याने तिच्यावर सोने दाबून घोटता येते.

आता वर्ख. चामड्याच्या उशीवर पान पसरून बोथट सुरीने त्याचे तुकडे करतात. बोटाने तो उचलता येत नाही. स्पर्श होताच विरघळल्यासारखा नाहीसा होतो. खारीच्या केसांचा रुंद, विरळ कुंचला आपल्या गालावरून हलकेच फिरवून त्याला नाममात्र तेलकटपणा आणावयाचा आणि त्याने वर्ख उचलावयाचा. चौकटीचा तेवढाच भाग पाण्याने ओला केलेला असतो. वर्ख जवळ नेताच पाणी त्याला ओढून घेते. काही तासांनी, ओल पुरती जाण्यापूर्वी, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटावयाचे. ही वेळ साधणे हीच खरी कसोटी. लवकर घोटले तर सोने फाटते, उशीर झाला तर चकाकी येत नाही. ज्या भागाला झळाळी नको तो न घोटता तसाच ठेवतात. या दोहोंच्या मेळातून, एके ठिकाणी आरसा व दुसरीकडे मखमल, असा परिणाम साधतो. दुसरी एक पद्धत तेलाची आहे. जवसाच्या तेलाचा चिकट हात देऊन त्यावर वर्ख बसवितात. ती सोपी व ऊन-पावसात टिकणारी, पण तिला घोटता येत नाही.

सोन्याचा हा वर्ख सोनारकामाहून वेगळाच उद्योग होता. सोन्याचे पातळ तुकडे बैलाच्या आतड्याच्या पडद्यांमध्ये रचून ते हातोड्याने तासन् तास ठोकीत. आजचा चांगला वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. आठ सेंटिमीटर चौरसाची आठशेहून अधिक पाने एका तोळ्यातून निघतात असे गणित मांडता येते. चेन्नीनीच्या काळी एवढा पातळ वर्ख हा गुणच मानीत नसत. एका डकॅट नाण्याच्या सोन्यातून शंभरच पाने काढावयास हवीत, पण लोक एकशे पंचेचाळीस काढतात, असा त्याचा आक्षेप आहे. डकॅटमध्ये सुमारे साडेतीन ग्रॅम सोने असे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक पानात जवळजवळ तृतीयांश सोने कमी. पान दिसावयास तेवढेच, गणतीही बरोबर. तूट फक्त जाडीत. पन्ह्यातले दोन बोटे चोरणाऱ्या मागवाल्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे आणि तो सहाशे वर्षांपूर्वी लेखी नोंदला गेला आहे.

अहिंसेच्या दृष्टीने पाहता ही कला निर्दोष म्हणता येत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे. वर्ख ठोकावयाचे पडदे बैलाच्या आतड्याचे. सरस चेन्नीनीच्या काळी बकऱ्या-मेंढ्यांच्या कातड्याच्या कातरणांचा आणि पुढे सशाच्या कातड्याचा. घोटावयास दगड नसेल तर मांसाहारी प्राण्याचा दात घ्यावा असेही चेन्नीनी सुचवितो. अलीकडे कृत्रिम पडद्यांमध्ये यंत्राने ठोकलेला वर्ख मिळू लागला आहे. पारंपरिक पद्धतीच्या लेपात सरसाची जागा मात्र अद्याप पुरती भरून निघालेली नाही.

फ्लॉरेन्समध्ये या साऱ्या कारागिरांचे कापडधंद्याशी विलक्षण निकटचे संबंध होते. सोनारांची नोंद रेशीमवाल्यांच्या श्रेणीत होत असे, कारण जरीच्या धाग्याला सोने लागे. तागाच्या कापडाचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने १४३३ साली फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराशी करार केला, तो प्रसिद्ध आहे. आत-बाहेर उत्तमातील उत्तम सोने, निळा रंग व चांदी वापरावी, मोबदला एकशे नव्वद सुवर्ण फ्लोरिन, अथवा चित्रकाराची सदसद्विवेकबुद्धी सांगेल त्याप्रमाणे त्याहून कमी, अशी त्यात अट आहे. भाव ठरवून वर सवलतीची जबाबदारी विक्रेत्याच्या सद्बुद्धीवर टाकण्याची ही युक्ती कापडवाल्यांखेरीज दुसऱ्या कोणास सुचती असे वाटत नाही. या कामाची चौकट मात्र संगमरवराची असून तिचा आराखडा गिबेर्ती या शिल्पकाराचा होता.

दुसरे उदाहरण आन्योलो दोनी या लोकरी कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे. मायकेलअँजेलोने त्याच्यासाठी १५०५ ते १५०७ च्या सुमारास केलेले वर्तुळाकार चित्र उफीत्सीत आहे. त्याची कोरीव, सोन्याने मढविलेली मूळ चौकट देल तास्सो घराण्यातील सुतारांची मानतात. तीत पाच मस्तके पुढे झुकलेली आहेत आणि दोनीच्या पत्नीच्या माहेरची, स्त्रोत्सी घराण्याची, चंद्रकोरीची खूण आहे. या चित्राच्या किमतीबद्दल वासारी या चरित्रकाराने एक गोष्ट सांगितली आहे. मायकेलअँजेलोने सत्तर डकॅट मागितले. दोनीने चाळीस पाठविले. चित्रकाराने निरोप धाडला की आता शंभर द्या, नाहीतर चित्र परत करा. दोनी म्हणाला, सत्तर देतो. त्यावर एकशे चाळीस मागण्यात आले, आणि ते त्याला द्यावे लागले. वासारी गोष्टी रंगवून सांगणारा होता, तेव्हा आकडे जपूनच घ्यावेत. पण घासाघीस कोठे थांबवावी हे दोनीला कळले नाही एवढे त्यावरून दिसते.

सोने आणि चित्र यांच्यातील खरा तंटा मात्र मिलान येथे झाला, आणि त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत. तेथील सान फ्रान्चेस्को ग्रांदे या चर्चमधील एका धार्मिक बंधुमंडळाने जाकोमो देल माइनो या कारागिराकडून वेदीमागची एक भव्य कोरीव लाकडी चौकट १४८० ते १४८२ या काळात करवून घेतली. तिच्यात मूर्ती होत्या, उठावाची दृश्ये होती आणि मध्ये चित्रांसाठी मोकळ्या जागा. २५ एप्रिल १४८३ रोजी मंडळाने तीन चित्रकारांशी करार केला : एव्हांजेलिस्ता व आंब्रोजिओ दे प्रेदिस हे बंधू आणि लिओनार्दो दा विंची. मोबदला आठशे लिरा, शंभर आरंभी आणि उरलेले दरमहा चाळीसच्या हप्त्यांनी. करारासोबतची यादी वाचण्यासारखी आहे. कोरलेल्या मातेचा झगा निळ्या रंगावर सोन्याच्या किनखापाचा दिसावा, आतील वस्त्र किरमिजी रंगावर किनखापाचे, अस्तर हिरवे, असे तपशील तीत दिले आहेत. आधी सारे सोने, त्यावर रंग, आणि मग रंग खरवडून खालचे सोने वेलबुट्टीच्या रूपाने उघडे करावयाचे, अशी किनखाप दाखविण्याची त्या काळची प्रसिद्ध रीत होती. लिओनार्दोने रंगवावयाचे मधले चित्र या यादीत एक कलम मात्र आहे.

काही वर्षांतच पैशांवरून बिनसले. १४९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लिओनार्दो व आंब्रोजिओ यांनी मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्याकडे अर्ज केला. एव्हांजेलिस्ता तोवर निवर्तला होता. अर्जदारांचे म्हणणे थोडक्यात असे : आठशे लिरा केवळ चौकटीच्या सुवर्णकामातच संपले, तैलरंगातील मधले चित्र निदान शंभर डकॅट किमतीचे असून तेवढे देणारी गिऱ्हाइके आहेत, मंडळ मात्र पंचवीसच देऊ करते. चित्रांची पारख आंधळ्याला होत नाही, तेव्हा जाणकार पंच नेमावेत किंवा चित्र आम्हास परत द्यावे.

या वादात कोणाची बाजू न्याय्य होती? आज लिओनार्दोच्या नावाचे दडपण असल्यामुळे मंडळाला अरसिक ठरविणे सोपे आहे. पण मंडळाने ठोक रकमेचा करार केला होता, आणि सोने किती लागेल याचा अंदाज बांधणे हे काम घेणाऱ्याचे कर्तव्य होते. शिवाय वेदीच्या पुढे गुडघे टेकणाऱ्या भाविकाला दिसणार होते ते सोनेच. दुसऱ्या बाजूने पाहता, सोन्याला बाजारात भाव असतो आणि तो कोणालाही मोजता येतो. हाताच्या कसबाला तसे माप नाही. लिओनार्दोची मागणी त्या मापाची होती. प्रकरण पुढे फ्रान्सच्या राजापर्यंत गेले, कारण मधल्या काळात मिलान फ्रेंचांच्या ताब्यात आले होते. २७ एप्रिल १५०६ रोजी निवाडा झाला : काम अपुरे आहे, लिओनार्दोने ते दोन वर्षांत पुरे करावे आणि त्याला आणखी दोनशे लिरा मिळावेत. शेवटचा हप्ता ऑक्टोबर १५०८ मध्ये चुकता झाला. पंचवीस वर्षे! या ओढाताणीत एकाऐवजी दोन चित्रे झाली. पहिले आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, दुसरे लंडनच्या नॅशनल गॅलरीत. पहिले दुसऱ्या कोणास विकले गेले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या चौकटीपायी हे सारे घडले ती मात्र काळाच्या ओघात नष्ट झाली.

सतराव्या शतकापर्यंत चित्रकार चौकटीबाबत स्वतःचे मत मांडू लागले होते. निकोला पुसाँ याने १६३९ साली रोमहून शांतलू या आपल्या आश्रयदात्याला चित्र पाठविताना लिहिले की त्याला साधी, न घोटलेल्या सोन्याची चौकट घालावी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर आजूबाजूच्या वस्तूंकडे न भरकटता चित्रावर स्थिर राहील. परंतु फ्रान्समधील पुढचा शतकभराचा काळ पुसाँच्या साधेपणाचा नव्हता. पंधराव्या लुईच्या काळातील चौकटी शंख-शिंपल्यांनी आणि पानाफुलांनी ओसंडून वाहतात. तेथे लेप दिल्यावर बुजलेले नक्षीकाम लेपातच पुन्हा धारदार कोरून काढण्याचे स्वतंत्र कसब विकसित झाले. फ्रेंच चौकटींचा जो तेजस्वी रेखीवपणा वाखाणला जातो तो लाकडातील नसून या लेपातील आहे. वातँ नावाच्या लेखकाने १७७३ च्या आपल्या ग्रंथात पाण्याच्या मुलाम्याच्या सतरा पायऱ्या दिल्या आहेत. १७९१ मध्ये राज्यक्रांतीने कारागिरांच्या श्रेणीच बरखास्त केल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही शिस्त विस्कटली.

स्वस्ताईचे मार्ग तत्पूर्वीच निघाले होते. चांदीचा वर्ख लावून त्यावर पिवळे रोगण चढविले की सोने भासते. स्पेन व इटलीत ही युक्ती जुनीच होती. पितळेचा वर्ख त्याहून स्वस्त, पण रोगणाचे कवच फुटले की काळा पडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये खडू, सरस, जवसाचे तेल व राळ यांचा गोळा लाकडी साच्यांत दाबून तयार नक्षी पाडण्यास आरंभ झाला. कोरणारा जे काम आठवड्यात करी ते साच्याने दिवसात होऊ लागले. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घरांत सोनेरी चौकट पोहोचली ती यामुळे. आज बाजारात तसबिरींना ज्या सोनेरी पट्ट्या लावतात त्यांत बहुधा ना सोने असते ना लेप; प्लॅस्टिकवर किंवा लाकडावर उष्णतेने चिकटविलेला चकाकता कागद असतो.

सोन्याचा असा सुकाळ झाल्यावर चित्रकारांना त्याचा वीट आला यात नवल नाही. १८७० नंतर पॅरिसमध्ये देगा, पिसारो प्रभृतींनी पांढऱ्या व रंगीत चौकटी वापरण्यास प्रारंभ केला. आपले भेट दिलेले चित्र मित्राने सोनेरी चौकटीत बसविलेले पाहून देगा ते चौकटीतून काढून घेऊन घरी निघून गेला, अशी आठवण व्होलार या विक्रेत्याने सांगितली आहे. परंतु गिऱ्हाइकाला सोनेच हवे होते आणि विक्रेत्यांना गिऱ्हाइक. त्यामुळे त्या पांढऱ्या चौकटी फारच थोड्या उरल्या आणि त्या बंडखोरांची चित्रे आज बहुतेक संग्रहालयांत जुन्या धाटणीच्या सोनेरी चौकटींत दिसतात.

चौकटी नष्ट होण्याचे कारण नेहमीच दारिद्र्य नव्हते. पुष्कळदा ते ऐश्वर्यच होते. ड्रेस्डेनच्या राजसंग्रहात अठराव्या शतकात सर्व चित्रांना एकसारख्या चौकटी बसविण्यात आल्या. नेपोलियनच्या कारकिर्दीत लूव्रमध्ये तेच झाले आणि १८३० साली बर्लिनच्या नव्या संग्रहालयासाठी शिंकेल या वास्तुकाराने ठरीव आराखडे केले. दालन सुंदर दिसले, मूळ चौकटी अडगळीत गेल्या. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विल्हेल्म फोन बोडे याने बर्लिनमध्ये चित्रांना त्यांच्या काळच्या चौकटी शोधून घालण्याचा परिपाठ सुरू केला, आणि फ्लॉरेन्समधील बार्दिनी यांच्यासारख्या व्यापाऱ्यांना जुन्या रिकाम्या चौकटी विकण्याची नवी पेढी सापडली. पूर्वी जळणात जाणाऱ्या लाकडाला भाव आला.

जीर्णोद्धाराचा प्रश्न येथून सुरू होतो. लाकूड हवेनुसार फुगते व आकसते, वरचा लेप मात्र ताठ; म्हणून तो तडकतो व त्याच्या खपल्या निघतात. याहून मोठे शत्रू दोन : ओले फडके आणि पितळी भुकटीचा रंग. पाण्याने बसविलेले सोने पाण्यानेच निघते, त्यामुळे दर सणाला चौकट पुसणाऱ्या निष्ठावंत सेवकांनी केलेली हानी आगीने केलेल्या हानीपेक्षा कमी नसावी. पितळी रंग लावताना नव्यासारखा दिसतो आणि काही वर्षांत तपकिरी-हिरवट होतो. त्याच्याखाली शेकडो वर्षांचे मूळ सोने सुरक्षित असते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

जाणकार कारागीर आधी असा रंग द्रावणांनी कणाकणाने उतरवितो, सुटलेला लेप कोमट सरसाने पुन्हा बसवितो, गेलेल्या नक्षीचा साचा शिल्लक नक्षीवरून घेतो आणि फक्त रिकाम्या जागीच नवा लेप, नवी माती व नवा वर्ख देतो. मातीची छटा जुळविणे सर्वांत अवघड. लाल, नारिंगी, पिवळी असे तिचे देशोदेशीचे प्रकार आहेत. मग नवे सोने मुद्दाम घासून त्याखालची माती किंचित उघडी करावयाची आणि धुळीच्या रंगाचा हलका हात द्यावयाचा, म्हणजे नवे जुन्यात मिसळते. पूर्वी अशा वेळी संपूर्ण चौकट नव्याने मढवीत. ते झगझगीत दिसे, पण खालच्या मूळ सोन्याला कायमचे मुकावे लागे. पूजेतील वस्तू नवी व तेजस्वी असावी अशी भावना असणाऱ्या समाजाला झिजलेले सोने जपण्याचा हा आग्रह चमत्कारिक वाटेल. तरीही झीज हीच जुनेपणाची साक्ष आहे आणि ती एकदा झाकली की परत आणता येत नाही, या मताकडे संग्रहालये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वळली. १९८४ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि १९९० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने निव्वळ चौकटींची प्रदर्शने भरविली.

लंडनच्या नॅशनल गॅलरीने लिओनार्दोच्या दुसऱ्या चित्राची सफाई २००८ ते २०१० या काळात केली. त्यानंतर त्याला नवी चौकट घालण्याचे ठरले. मूळ चौकटीचे रेखाचित्र कोठेही नाही. तेव्हा गॅलरीच्या चौकट विभागाने जुन्या इटालियन वेदीचौकटीचे तुकडे वापरून, उरलेले भाग नव्याने कोरून व त्यावर मुलामा चढवून एक चौकट उभी केली. तीत जुने कोणते व नवे कोणते हे दोन पावलांवरून सांगता येत नाही. चित्रासमोर येणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर तिच्यावर क्षणभरही रेंगाळत नाही.